गॅरेजचं इपॉक्सी: रंगाआधी लादीचं बघा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच गोष्टीची निघाली, गॅरेजच्या फरशीला इपॉक्सी मारायचंय, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवून मारायचं ते कडक कोटिंग. मोबाइलवर कोणीतरी चकाचक राखाडी फरशी दाखवतं, वरून रंगीत चिप्स उडवतं, की लगेच घराघरात चर्चा सुरू. विषय माझ्या आवडीचा आहे, अर्धं आयुष्य साइटवर गेलंय आणि स्वतःच्या घरी याच कामात एकदा तोंडावर पण आपटलोय, ते पुढे येईलच. तर या वेळी बाकी सगळं बाजूला, फक्त गॅरेज.

प्रश्न (नाशिक): आमचं बंगल्याचं गॅरेज १० बाय २० फुटाचं आहे, खाली साधा कोबा, आठ वर्षं झाली. रोज झाडलं तरी रोज सिमेंटची पावडर निघते आणि गाडीवर बसते. मुलगा म्हणतो आपणच घरी इपॉक्सी मारू, दोन दिवसांचं काम आहे. खरंच घरी होतं का?

उत्तर: होतं की. रोलर फिरवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम, ते कोणीही करेल. पण मुलगा म्हणतोय ते दोन दिवस फक्त रोलरचे. त्याच्या आधीचं काम व्हिडिओत कोणी दाखवत नाही कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं, नुसती धूळ असते.

तुमची पावडर निघते याचा अर्थ कोब्याचा वरचा थर कच्चा आहे. कोबा घालताना वर कोरडं सिमेंट भुरभुरून निरू घोटलं असेल आणि नंतर क्युरिंगचं पाणी मारायचा कंटाळा केला असेल, तर वर सायीसारखा पातळ थर धरतो, दिसायला गुळगुळीत पण आत दम नसतो. इपॉक्सी त्या सायीला असं काही पकडतं की सुटत नाही, सुटते ती साय, खालच्या काँक्रीटपासून. म्हणजे रंग चांगला, माणूस चांगला, पैसे पण चांगले मोजले आणि तरी सहा महिन्यांत पोपडे.

म्हणून आधी ती साय काढायची. घरी करायचं तर ५ इंची ग्राइंडरला डायमंडचं कप व्हील लावून अख्खी लादी घासायची, मोठं मशीन भाड्याने मिळालं तर उत्तमच, हाताचा ग्राइंडर घेऊन २०० स्क्वेअर फूट म्हणजे दिवसभर उकिडवं बसायचंय, कंबर बोलते. हात फिरवल्यावर जरा जाड्या पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं पाहिजे. ही धूळ नुसती धूळ नाही, तिच्यात वाळूची बारीक सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही, एन-९५ मास्क घाला आणि व्हॅक्यूम लावा. नंतर परत व्हॅक्यूम. झाडू मारून झालं असं समजू नका, झाडूने धूळ परत त्या खरखरीत भोकांतच जाऊन बसते.

बरेच जण अ‍ॅसिड मारायला सांगतात. होतं त्याने पण, पूर्वी आम्ही साइटवर करायचो. बंद गॅरेजमध्ये मात्र मी नको म्हणेन, त्याच्या वाफेने आठवड्याभरात शटरपासून पान्यांपर्यंत सगळं गंजतं आणि धुतलेलं अ‍ॅसिडचं पाणी शेवटी जातं तुमच्याच बागेत. तरी करणारच असाल तर बादलीत आधी पाणी आणि मग त्यात अ‍ॅसिड सोडायचं, उलटं कधीच नाही, आणि शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लादी पूर्ण वाळू द्यायची.

घासून झालं की दोन परीक्षा. पहिली सोपी, चमचाभर पाणी टाका. मिनिटाभरात शोषलं आणि लादी काळी पडली तर ठीक. पाणी मोत्यासारखं गोळा होऊन बसलं तर अजून घासायचं बाकी आहे किंवा तिथे ऑइल मुरलंय. गाडी उभी असते त्या जागी इंजिनखाली हमखास असा पट्टा असतो, त्याला डिग्रीझर, म्हणजे तेल काढणारं केमिकल, टाकून ब्रशने रगडायचं आणि गरम पाण्याने धुवायचं, हे दोन-तीनदा करावं लागतं, आणि लक्षात ठेवा, ऑइल काढून मग घासायचं, आधी घासलं तर ते ऑइल सगळीकडे पसरतं.

दुसरी परीक्षा ओलीची. दीड बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि रात्रभर ठेवा, निदान १६ तास. सकाळी उचलून बघा, प्लॅस्टिकच्या आतून थेंब किंवा खालची लादी गडद झालेली दिसली तर जमिनीतून ओल वर येतेय. ही परीक्षा तीन-चार ठिकाणी करा, एक भिंतीच्या कडेला नक्की.

आता इथेच एक गोम आहे जी कोणी सांगत नाही. लोक काम काढतात फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि परीक्षा पण तेव्हाच घेतात. तेव्हा जमीन कोरडीठाक असते, सगळे पास होतात. आपल्याकडच्या जुन्या गॅरेजमध्ये मुरूम, वर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, वर पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट आणि कोबा एवढंच असतं, मध्ये प्लॅस्टिकचा कागद कोणी टाकलेला नसतो. जुलैत जमिनीखालचं पाणी वर आलं की तीच लादी घामेजते. म्हणून परीक्षा घ्या ऑगस्टमध्ये, काम करा फेब्रुवारीत. सहा महिने थांबायला जिवावर येतं, मान्य आहे, पण आठ वर्षं पावडर झाडलीत तर.

प्रश्न (चिपळूण): मागच्या एप्रिलमध्ये कंत्राटदाराकडून गॅरेजला इपॉक्सी करून घेतलं. जुलैत फुगे आले, सुईने टोचल्यावर आतून पाणी निघालं. आता चाकं उभी असतात तिथले पण तुकडे उचकटून टायरला चिकटून येतात. कंत्राटदार म्हणतो तुम्ही गाडी लवकर आणलीत. चूक कोणाची?

उत्तर: टायरवाल्या तुकड्यांपैकी एक हातात घ्या आणि उलटा करून बघा. मागे सिमेंटचा पांढरट थर चिकटून आला असेल तर लादीची साय न काढता मारलंय. मागची बाजू गुळगुळीत, चकचकीत, अगदी आरशासारखी असेल तर लादी घासलीच नाही, घोटलेल्या कोब्यावर नुसता रोलर फिरवला. दोन्हीत तुमची चूक शून्य. कंत्राटदाराशी बोलायला जाताना तो तुकडा खिशात घेऊन जा, बाकी वाद घालू नका.

त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. लांबून आलेल्या गाडीचं टायर तापलेलं असतं, उभं राहिल्यावर ते थंड होत आकसतं आणि खालच्या रंगाला ओढतं, शिवाय टायरच्या रबरातले तेलकट घटक कोटिंगमध्ये उतरून ते मऊ पाडतात. पुरेसं न पिकलेलं, म्हणजे पूर्ण कडक न झालेलं, किंवा पाण्यात मिसळायचं स्वस्तातलं पातळ इपॉक्सी असेल तर यात पहिल्या महिन्यातच निघतं. म्हणून गाडी आत आणायला ७ दिवस थांबायचं असतं. तुम्ही किती दिवसांनी आणलीत ते पत्रात लिहिलेलं नाही, मी पण विचारत नाही!

फुग्यांचं मात्र कारण दुसरं. ती जमिनीची ओल. काँक्रीटमधले क्षार घेऊन पाणी वर येतं, कोटिंगखाली अडकतं, आणि क्षार अजून पाणी ओढून घेतात, म्हणून फुगा मोठा होत जातो. टोचलेलं पाणी बोटांमध्ये चोळून बघा, जरा बुळबुळीत लागेल, लगेच हात धुवा. चिपळूणचा पाऊस, तिथली जमीन आणि खाली प्लॅस्टिक नाही, तर तिथे परत तेच इपॉक्सी मारलं तरी परत तेच होणार.

दोन रस्ते आहेत. एक, सगळं खरवडून आधी ओल अडवणारा खास प्राइमर किंवा इपॉक्सी-सिमेंटचा तीन कंपोनंटवाला थर, आणि मग वरचं कोटिंग, खर्च जवळजवळ दुप्पट. दुसरा रस्ता मला जास्त पटतो. इपॉक्सीचा नादच सोडा, लादी घासून स्वच्छ करा आणि लिथियम सिलिकेटचं डेन्सिफायर मारा. ते पाण्यासारखं पातळ असतं, काँक्रीटमध्ये मुरतं, आतल्या मोकळ्या चुन्याशी संयोग होऊन घट्ट होतं आणि पावडर निघणं थांबतं. वर थर असा नाहीच त्यामुळे सोलायला काही शिल्लक नाही, खालची वाफ पण निघून जाते. चकाकी नाही मिळणार, रंग पण सिमेंटचाच राहील, ऑइलचे डाग पडतील. कोकणात आपण घरावर पत्रे घालतो ना पावसासाठी, शोभेसाठी थोडीच, तसंच हे.

प्रश्न (पिंपरी-चिंचवड): कंत्राटदाराने "२ एमएम सेल्फ लेव्हलिंग" असं लिहून दिलंय. माझं गॅरेज २०० स्क्वेअर फूट. काल माल आला, सगळे डबे मिळून १० लिटर. हे बरोबर आहे का?

उत्तर: याच्यासारखा प्रश्न असला की मला बरं वाटतं, कारण यात मत वगैरे काही नाही, नुसती पाचवीची गणितं. २०० स्क्वेअर फूट म्हणजे साधारण १८.६ स्क्वेअर मीटर. एक स्क्वेअर मीटरवर १ एमएम जाड थर द्यायला बरोबर १ लिटर माल लागतो. म्हणजे २ एमएमला ३७ लिटर. तुमच्याकडे आलाय १० लिटर, पसरला तर अर्धा एमएम होईल, त्यातही त्यात थिनर असेल तर उडून अजून कमी.

आता अर्धा एमएम वाईट असतो का, तर नाही. घरच्या गॅरेजला नीट घासलेल्या लादीवर एक प्राइमर आणि रोलरचे दोन कोट, एकूण ३०० ते ५०० मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक एमएम), भरपूर झालं. २ एमएम कारखान्यात लागतो जिथे ट्रॉल्या आणि फोर्कलिफ्ट फिरतात. पण मग पैसे पण अर्ध्या एमएमचेच द्यायचे. त्याला एवढंच विचारा, दादा, ३७ लिटर कुठे आहे. आवाज चढवायची गरज नाही.

अजून एक, गॅरेजला बाहेरच्या बाजूला उतार असेलच, गाडी धुतल्यावर पाणी जायला. सेल्फ लेव्हलिंग म्हणजे स्वतःहून सपाट होणारं, उतारावर ते दाराकडे वाहत येतं, आत पातळ आणि दारात जाड. तेव्हा रोलरने मारायचं साधं कोटिंगच मागा. इथून पुढे कोणत्याही कोटेशनमध्ये स्क्वेअर फुटाच्या रेटबरोबर किती मायक्रॉन आणि एकूण किती लिटर हे लिहून घ्यायचं, काम झाल्यावर रिकामे डबे मोजायचे.

प्रश्न (कोल्हापूर): गेटपासून दारापर्यंतच्या उघड्या पोर्चला इपॉक्सी चालेल का? दिवसभर ऊन असतं.

उत्तर: नको. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि मग वरून खडूसारखी भुकटी सुटते. वर पॉलियुरेथेनचा उन्हात टिकणारा कोट दिला तर काही वर्षं निघतात, पण उघड्यावर पाऊस, ऊन, खालून ओल, सगळंच विरोधात. चेकर्ड टाइल्स किंवा पेव्हर ब्लॉक घाला आणि मोकळे व्हा.

प्रश्न (नागपूर): मे महिन्यात सुट्टी होती म्हणून आम्ही भावाभावांनी मिळून गॅरेजला इपॉक्सी मारलं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जरा जास्त घातला. चार दिवस झाले, काही ठिकाणी अजून चिकट आहे, चप्पल अडकते. अजून एक कोट मारू का?

उत्तर: थांबा, कोट मारू नका, चिकट तसंच खाली राहील आणि वरचा थर त्याच्यावर तरंगेल.

हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतं ही समजूत कुठून येते माहितीये का, फायबरवाल्यांकडून. पाण्याच्या टाक्या, बंपर दुरुस्त करतात ते पॉलिस्टर रेझिन वापरतात, त्यात हार्डनर चार थेंब इकडे-तिकडे करून वेळ कमी-जास्त करता येतो कारण तो फक्त रिअ‍ॅक्शन सुरू करून देतो. इपॉक्सीत तसं नसतं. इथे रेझिन आणि हार्डनर दोघं एकमेकांशी जोडले जातात, अगदी लग्नासारखे, इकडची मंडळी जास्त झाली की काही जण बिनलग्नाचे राहतात, आणि तीच तुमच्या चपलेला चिकटतायत. डब्यावर लिहिलंय ते प्रमाण, वजनाने म्हटलं असेल तर वजनकाट्यावरच मोजून घ्यायचं. अंदाजपंचे दाहोदरसे इथे चालत नाही.

तुमचं सगळीकडे चिकट नाही, काही ठिकाणीच आहे म्हणताय, त्यावरून मला वाटतं की हार्डनरपेक्षा ढवळणं कमी पडलंय. बादलीच्या कडेला आणि तळाला रेझिन तसंच चिकटून राहतं, आपण बादली उलटी करून शेवटचा माल पण निथळवतो, जिथे निथळवला तिथे चट्टा. ड्रिलला पॅडल लावून हळू स्पीडवर तीन मिनिटं ढवळायचं, मग दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून परत मिनिटभर. आणि बादलीत राहिलेलं तिथेच राहू द्यायचं.

आता उपाय. चिकट चट्टे पत्र्याने खरवडून काढा, थिनरच्या फडक्याने पुसा, दारं उघडी ठेवून आणि आसपास काडीसुद्धा न ओढता, मग वाळल्यावर भोवतालचा भाग पण पॉलिश पेपरने घासून तेवढ्याला परत मारा.

आणि नागपूरचा मे! इपॉक्सी कालवल्यावर ते किती वेळ वापरता येतं ते डब्यावर २५ किंवा ३० डिग्रीचं लिहिलेलं असतं, पुढे १० डिग्री वाढली की तो वेळ साधारण निम्मा होतो. माझा किस्सा इथेच सांगतो. पुण्यात माझ्याच घरी, एप्रिलची दुपार, अनुभव मोठा म्हणून मी रेझिन-हार्डनरचे दोन्ही सेट एकाच बादलीत कालवले, सारखं सारखं कोण ढवळणार. पट्टा मारायला घेतला तेवढ्यात चहा आला, शेजारचे काका पण आले, क्रिकेट निघालं. पाहतो तर बादलीतून पांढरा धूर. ही रिअ‍ॅक्शन उष्णता सोडते, पसरून ठेवलं तर लादी ती पिऊन टाकते, बादलीत ढीग असला की तीच उष्णता आतल्या आत चढत जाते आणि रिअ‍ॅक्शन अजून जोरात होते. हात लावला तर चटका. रोलर बादलीत उभा होता तो तसाच उभा राहिला, दगड झाला. प्लॅस्टिकचा तळ बसकट झाला. ती बादली अजून गच्चीवर आहे, मधोमध रोलरचा दांडा वर आलेला, आणि घरी पाहुणे आले की सौ. त्यांना आवर्जून ती दाखवायला नेते, हे बघा आमच्या साहेबांचं काम.

तर थोडं थोडं कालवायचं, कालवलं की लगेच लादीवर लांब पट्ट्यात ओतायचं आणि मग पसरायचं. बादली हातात धरून रोलर बुडवत बसायचं नाही. वेळ म्हणाल तर दुपारी चारनंतरची. सकाळी मारलं तर दिवस चढतो तशी लादी तापते, तिच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि प्राइमरमध्ये बारीक बुडबुडे, मग टाचणीची भोकं. संध्याकाळी लादी थंड होत असते, उलट माल आत ओढला जातो.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): इथे आमचं दोन गाड्यांचं गॅरेज आहे. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते सगळं गाडीखालून गॅरेजमध्ये गळतं, पांढरे डाग पडतात आणि काँक्रीटचे वरचे टवके निघायला लागलेत. दुकानात किट मिळतं ते घेऊन थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मारावं म्हणतो. गॅरेजमध्येच गॅसचा वॉटर हीटर आहे, काही अडचण?

उत्तर: इपॉक्सीचं खरं माहेर म्हणजे तुमच्यासारखं गॅरेज, बंद, आत ऊन नाही, स्लॅबखाली बहुतेक वेळा प्लॅस्टिक घातलेलं. मिठाच्या पाण्यासाठी तर ते हवंच, कारण ते पाणी काँक्रीटमध्ये मुरतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि टवके काढतं.

फक्त नोव्हेंबर नको. हवेचं तापमान बघू नका, लादीचं बघा, ती जमिनीला चिकटलेली असते आणि हवेपेक्षा मागेच राहते, शे-दीडशे डॉलरचं किट वाचवायला वीस डॉलरचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या म्हणतो मी. लादी साधारण ५५-६० फॅरनहाइटच्या खाली असली तर बहुतेक इपॉक्सी नीट पिकत नाही, आणि लादी दवबिंदूच्या, म्हणजे हवेतलं बाष्प पाणी होऊन धरतं त्या तापमानाच्या, जवळ असेल तर वर न दिसणारा दमटपणा धरतो, कोटिंगवर मेणचट थर येतो. लादी दवबिंदूपेक्षा निदान ५ डिग्री फॅरनहाइट गरम पाहिजे. मे अखेर किंवा सप्टेंबर धरा. तोवर मिठाचे डाग धुवून काढा, टवके गेलेत तिथे रिपेअर मॉर्टर भरा, ते मुरू द्या.

वॉटर हीटरचा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार चांगलं केलंत. जुन्या हीटरमध्ये खाली कायम एक छोटी ज्योत पेटती असते. थिनरची, डिग्रीझरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि ज्योत पण तिथेच. काम सुरू करण्याआधी गॅस बंद, वास पूर्ण गेल्यावरच परत पेटवायचं. एक दिवस गार पाण्याने आंघोळ करा, न्यू जर्सीतल्या सप्टेंबरला जमेल.

किटबद्दल, दुकानातली स्वस्त किटं पाण्यात मिसळायची असतात, पाणी उडाल्यावर हातात राहतो तो अगदी पातळ थर. नाव तेच इपॉक्सी. डब्यावर "१०० टक्के सॉलिड्स" लिहिलेलं घ्या, थोडं महाग पण जेवढं ओताल तेवढं राहतं. तिकडे एका दिवसात करून देतो म्हणणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा पॉलिअ‍ॅस्पार्टिक नावाचं झटपट सुकणारं दुसरं कोटिंग वापरतात, ते उन्हात पिवळं पडत नाही आणि दुसऱ्या दिवशी गाडी पण चालते, पण कालवल्यावर हातात मिनिटं थोडी मिळतात, घरी पहिल्यांदाच करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि स्लॅबमध्ये करवतीने कापलेले जॉइंट दिसत असतील तर ते कडक इपॉक्सीने भरून झाकू नका. ते मुद्दाम कापलेले असतात, स्लॅब तिथेच हलतो, वरचं कोटिंग बरोबर त्याच रेघेत तडकेल. तिथे लवचीक सीलंट.

प्रश्न (सातारा): आई सत्तरीची आहे, गॅरेजमधूनच ये-जा करते. ओल्या इपॉक्सीवर पाय सरकतो म्हणतात.

उत्तर: सरकतो, भयंकर सरकतो. शेवटच्या कोटाआधीचा कोट ओला असतानाच त्यावर बारीक कोरडी क्वार्ट्झ वाळू मुठीने उंचावरून भुरभुरा, रांगोळी टाकतो तशी नाही, कोंबड्यांना दाणे टाकतो तशी. वाळल्यावर सुटी वाळू झाडून वर शेवटचा कोट. फरशी पुसताना फडकं थोडं अडकेल, आईंना सांगा तेवढं चालवून घ्या. नुसत्या रंगीत चिप्सने घसरणं फारसं कमी होत नाही, त्या शोभेच्या.

प्रश्न (ठाणे): मिस्टरांनी दोन रविवार इपॉक्सीचं काम केलं, हातमोजे न घालता, हात थिनरने धुवायचे. आता मनगटाला आणि बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ, रात्रभर खाज. साधी क्रीम लावू का?

उत्तर: ताई, क्रीम मी सांगणार नाही, त्वचेच्या डॉक्टरकडे न्या आणि जाताना डब्यावरचं लेबल फोटो काढून न्या, हार्डनरचं खासकरून. इपॉक्सीची आणि हार्डनरची अ‍ॅलर्जी अंगात एकदा बसली की सहसा जात नाही, पुढे थोडंसं लागलं तरी उठते. माझ्याबरोबरचा एक चांगला कारागीर याच कारणाने हे काम सोडून आता टाइल्स बसवतो. थिनरने हात धुणं तर आगीत तेल, ते त्वचेवरचं तेल काढून टाकतं आणि रेझिनला आत जायला वाट करून देतं. साबण आणि पाणी, एवढंच. नायट्रिलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. पिकलेल्या फरशीची भीती नाही, ओल्या मालाचीच. राहिलेलं काम मिस्टरांना करू देऊ नका, दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.

प्रश्न (बारामती): दसऱ्याला नवीन गाडी घरी येतेय, आठ दिवस राहिलेत. तोवर गॅरेजला इपॉक्सी करून हवंय, गाडीची पूजा नव्या फरशीवरच करायची असं घरात ठरलंय. कंत्राटदार हो म्हणतोय.

उत्तर: कंत्राटदार हो म्हणणारच, त्याला पण दिवाळी आहे. दिवस मोजू. लादी घासून साफ करायला एक, भेगा-खड्डे भरून सुकायला एक, प्राइमरला एक, दोन कोटांना दोन, कारण एकावर एक कोट देताना साधारण २४ तास लागतात. झाले पाच. त्यानंतर गाडीसाठी सात. बारा दिवस, तेही पाऊस परत फिरकला नाही तर. आणि लादी गेले तीन-चार महिने पाणी पिऊन बसलीये, प्लॅस्टिकची परीक्षा घेतलीत का?

पूजा गेटबाहेर करा. तसंही चाकाखाली लिंबू चिरडायचं, नारळ फोडायचा, हळदीकुंकू, हे सगळं नव्या इपॉक्सीवर कशाला? हळदीचा डाग हलक्या रंगाच्या कोटिंगवर बसतो, नारळ जोरात आपटला तर पातळ कोटिंगचा टवका उडू शकतो, आणि पुढच्या महिन्यात पोरं तिथेच फुलबाज्या पेटवतील, ठिणगी पडली की काळा ठिपका, तो घासून पण निघत नाही. यंदा गाडी कोब्यावरच उभी करा. आत्ता प्लॅस्टिक चिकटवून ठेवा आणि सकाळी काय दिसलं ते मला कळवा, फोटोसकट.